दुपट्यात गुंडाळलेली बाटली

बाटली तिरकी केली तरी आतलं हललंच नाय.

मी उलटी करून बघितली. तरी नाय. सकाळी तिच्यात पिवळं पाणी होतं, तेलापेक्षाही पातळ, आणि आता ते तळाला चिकटून बसलेलं, खरवसाच्या वडीसारखं, आणि बाटली कोमट, बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपर बुडवून बघतो ना, तेवढी कोमट. बोटाएवढी काचेची बाटली, वर रबराचं बूच, हातातून सुटली तर संपलं सगळं म्हणून मी ती मांडीवर ठेवली, आणि त्याच मांडीवर माझी पोर ओली होऊन टाहो फोडतेय. तिचं दुपटं बदलायलाच तर मी हात लांब केला होता. पावसाळ्यात आमच्याकडं शेगडीवर बांबूची दुरडी उपडी घालतात आणि तिच्यावर पोराचे लंगोट-दुपटी वाळत टाकतात. त्यातलं एक घडी केलेलं दुपटं मी ओढलं, तर घडीतून ही बाटली टपकन खाली आली.

फ्रिजमधली बाटली शेगडीवर कशी आली? घरात माणसं तीन. एक मी, बाळंतीण, खोलीबाहेर पाऊल टाकायची मला बंदी. दुसरी माझी पोर, तिला अजून कुशीवर वळता येत नव्हतं. तिसरी आई, आणि आई गेलेली गवताला.

दुपारी गुरांच्या डॉक्टर मॅडम येणार होत्या. त्या बाटलीतलं औषध आमच्या तांबडी गायीच्या गर्भपिशवीत सोडायचं होतं, आणि तांबडी यावेळी गाभण राहिली नाय तर दादा तिला बाजारात उभी करणार होता.

आता मला सुरुवातीपासून सांगायला पाहिजे, मी नेहमी मधूनच सुरू करते, आमचे हे पण असंच म्हणतात, की तू आधी दम घे आणि मग बोल.

माझं माहेर इगतपुरीच्या अलीकडं, भाताच्या खाचरांच्या कडेला दहा-बारा घरं, त्यातलं एक. लग्नानंतर मी नाशकात, इंदिरानगरला एका खोलीत राहते. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दादा रेल्वेत, इगतपुरीला क्वार्टरमध्ये राहतो, वहिनी-मुलं तिकडंच. म्हणजे इथं आई एकटी आणि तिची तांबडी गाय. माझ्या लग्नाच्या वर्षी तांबडी कालवड होती. मी गेल्यावर आईनं तिला जवळजवळ माझ्या जागीच धरली, फोनवर मला माझी खुशाली विचारायच्या आधी तांबडीची सांगायची.

तांबडी पहिल्यांदा व्याली तेव्हा वासरू मेलं आणि वार अडकली. ओढून काढली कुणीतरी, आणि तिथून तिचं बिनसलं. त्यानंतर माजावर यायची वेळेवर, बीज सोडून भरून घ्यायचो, आणि तीन आठवडे झाले की परत हंबरायला लागायची. म्हणजे गाभ धरला नाय, उलटली म्हणतात त्याला. एकदा उलटली, दोनदा उलटली, तिसऱ्यांदा उलटली तेव्हा आई गोठ्यात जाऊन तिच्याशी भांडली म्हणे.

माझ्या पोरीच्या बारशाला दादा आला होता. तो वाईट नाय बरं का, उगीच तसं वाटायला नको कुणाला. आईचे गुडघे गेलेत, भाकड गाय पोसायला ती डोक्यावरून भारे आणते, ते त्याला बघवत नाय. घुगऱ्या खाता खाता तो सगळ्यांसमोर बोलला की यावेळी उलटली तर मी हिला घोटीच्या बाजारात नेणार, आणि ही नाशिकला गेली की आई तू माझ्याकडं क्वार्टरला यायचं. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. तिथं ना गोठा ना ओटा. गाय गेली की आईला या घरात राहायला कारण उरत नव्हतं, एवढा सरळ हिशोब होता, आणि तो तिला माझ्या आधी कळला होता.

डॉक्टर मॅडम त्या सुमारास यायला लागल्या. नाशिकच्या, वयानं माझ्याएवढ्याच असतील, गुरांच्या दवाखान्यातही काम करायच्या आणि पुढचं शिकायच्यापण. ज्या गायी सारख्या उलटतात त्यांच्यावर काहीतरी नवीन करून बघत होत्या. आईला आधीच सांगितलं त्यांनी, मावशी, हे नवीन आहे, होईलच असं काही पक्कं नाही. आई म्हणाली, जुनं तरी कुठं पक्कं व्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी तांबडीच्या मानेतून रक्त काढलं. माझ्या खोलीची खिडकी गोठ्याकडं उघडते. बाळंतिणीला दुसरं काम काय, कानात कापूस, डोक्याला फडकं, दिवसभर मी त्या खिडकीतून गायीचं तोंड बघत बसायची आणि गाय माझं. रक्त काढताना बघितलं तर मला राहवेना. मी आठवीपर्यंत शिकले, नववीची शाळा लांब होती म्हणून राहिलं, पण शाळेत मला विज्ञानाचं पुस्तक आवडायचं, त्यातला बेडूक मी न बघता काढायची. मी खिडकीतूनच विचारलं, मॅडम, हिच्या रक्ताचं काय करणार?

वाटलं होतं दुर्लक्ष करतील. तर त्या खिडकीशी आल्या, आणि कोपरं टेकून सांगायला लागल्या, जशी काय मी त्यांच्या वर्गातलीच.

म्हणाल्या, हे रक्त नाशिकला न्यायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं. लाल लाल खाली बसतं आणि वर पिवळं पाणी राहतं. आपलं बोट कापलं की रक्त आपोआप थांबतं ना, ते थांबवणारे बारीक कण त्या पिवळ्यात असतात. आणि त्या कणांत असतात प्रथिनं. मी म्हटलं, प्रोटीन म्हणजे अंगणवाडीवाल्या ताई सांगतात ते, डाळ-अंडी. त्या हसल्या. म्हणाल्या, ही खायची नाहीत, ही निरोप सांगणारी. जखमेपाशी जाऊन मांसाला सांगतात, वाढ, भरून ये. हिची पिशवी आतून खरवडल्यासारखी झालीये, वार ओढली तेव्हापासून. तिथं बीज रुजत नाही. म्हणून हिचेच निरोप हिच्याच पिशवीत नेऊन सोडायचे.

मी विचारलं, मग हिच्या अंगात आहेतच ना ते, आपोआप का नाय जात?

त्या म्हणाल्या, जातात, पण टिकत नाहीत. पिशवीत आणखी पण काही असतं, कात्र्या समजा, कुठलंही प्रथिन दिसलं की त्याचे तुकडे करायचे हे त्यांचं काम. नुसतं पिवळं पाणी सोडलं तर निरोप पोचायच्या आधी कातरून टाकतात. म्हणून त्या त्यात एक औषध मिसळणार होत्या, त्यात ती प्रथिनं लपून राहतात, आणि थोडी थोडी करून बाहेर येतात, दोन-चार दिवस.

रात्री मी पोरीला घेऊन झोपले तरी डोक्यात तेच. कात्र्या. माझ्याही पोटात असतील का त्या कात्र्या? आणि ही एवढी पोर नऊ महिने आत राहिली, तिला कुणी लपवली? आईला विचारलं तर म्हणाली, बाळंतिणीनं असले विचार करू नये, दूध आटतं.

तर त्या दिवशीचं सांगते. आदल्या दिवशी तांबडी भरून झाली होती. आता हे पिवळं आत सोडायचं होतं. सकाळी मॅडम आल्या, बाटली घेऊनच आल्या, पण तेवढ्यात पलीकडच्या वाडीवरून फोन, म्हैस अडलीये, रेडकाचा पाय बाहेर. त्यांना जाणं भाग होतं. डब्यातल्या बर्फाचं नाशिकहून येईस्तोवर पाणी झालेलं. म्हणून त्यांनी बाटली आईच्या हातात दिली, मावशी, फ्रिजमध्ये ठेवा, खालच्या खणात, बर्फात नको, आणि हलवू नका, मी दुपारपर्यंत येतेच. दादानं बारशाला आणलेला छोटा फ्रिज पुढच्या खोलीत आहे. आईनं माझ्यादेखत बाटली त्यात ठेवली.

आणि आता ती माझ्या मांडीवर, घट्ट झालेली.

पोरीला कसंबसं दुपट्यात गुंडाळून खाली ठेवली आणि मी उठले. लाईट सकाळीच गेलेली, फ्रिज बंद, पण आत अजून गारवा असणार. आता बाळंतिणीनं फ्रिज उघडायचा नसतो, गार हवा तोंडावर घ्यायची नसते, गार पाण्यात हात घालायचा नसतो. आईनं मला प्यायचं पाणीसुद्धा बाळंतशेपा टाकून उकळलेलं दिलं होतं. मी दार उघडून बाटली आत ठेवली, दार लावलं, परत उघडलं. काही फरक नाय. परत लावलं, उघडलं. तसंच. मग सुचलं, दाराबाहेर पागोळ्या गळत होत्या आणि त्याखाली बादली भरलेली होती, श्रावणातलं पाणी, बर्फासारखं. मी तांब्याभर घेतलं, बाटली त्यात बुडवली, आणि माझा हातपण आत, मनगटापर्यंत. इतक्या दिवसांनी गार पाणी लागलं अंगाला. झिणझिण्या आल्या.

आणि बाटलीतलं हललं.

आधी कडेनं. मग मधलं. थोड्या वेळानं मी तिरकी केली तर सगळं सळकन एका बाजूला आलं, सकाळसारखंच पिवळं, पातळ. मला हसू यायला लागलं, भीतीनं असेल. बाहेर काढून पुसली, आणि मुठीत धरून उभी राहिले, तर काय सांगू, माझ्या मुठीच्या उबेनं ते हळूहळू परत बसायला लागलं. तूप कसं, थंडीत गोठतं आणि उबेला विरघळतं. हे बरोबर उलटं. गरमीत घट्ट, गारव्यात पातळ. अशी वस्तू मी जन्मात बघितली नव्हती. मी परत तांब्यात बुडवली. परत पातळ. आत पोर कुरकुरतेय, मॅडम कधीही येतील, आणि मी दारात उभी राहून बाटली बुडवतेय आणि काढतेय, लहान पोरासारखी. खरवस एकदा झाला की त्याचं परत दूध होत नाय. मग हे कसं होतंय? आतले निरोपे काय करत असतील, जिवंत असतील का? पण प्रथिनं जिवंत नसतातच, असं मॅडम एकदा म्हणाल्या होत्या.

मग एकदम भानावर आले. हलवायची नाय म्हणून सांगितलेली बाटली. पुसून फ्रिजमध्ये ठेवली आणि खोलीत येऊन पोरीला छातीशी धरलं, तर माझ्या गार हातानं ती दचकली.

आई आली तेव्हा डोक्यावर भारा, अंगावर प्लास्टिकचा घोंगता, गुडघ्यापर्यंत चिखल. भारा टाकला आणि पहिला हात तिनं दुरडीवर ठेवला. दुपटं उचकून बघितलं. मग माझ्याकडं.

"बाटली कुटंय?"

मी सांगितलं, फ्रिजात. तर तीच माझ्यावर चिडली. म्हणाली, म्या मुद्दाम काढून ठिवली आन तू परत गारठ्यात घातली? तिचं म्हणणं असं की एवढी गारढोण वस्तू गायीच्या पिशवीत घालायची कशी. व्यालेल्या बाईच्या पोटात गार जाऊ देत नाय आपण, शेक देतो, कढत देतो, का तर आतलं अंग कच्चं असतं. हिचं तर कधीचं कच्चं राहिलंय. त्या पोरीला, म्हणजे डॉक्टर मॅडमला, बाळंतपण माहीत नाय अजून, ती बर्फाच्या डब्यातनं आणून तसंच घालील. म्हणून चहा झाल्यावर, माझा डोळा लागलेला तेव्हा, आईनं बाटली काढली, माझ्या पोरीच्या सगळ्यात मऊ दुपट्यात गुंडाळली आणि शेगडीवर ठेवली, जरा गारवा मोडायला. माझ्यासाठी जे जे केलं तेच केलं तिनं तांबडीसाठी.

मी तिला काय बोलणार. मी फक्त सांगितलं की ते गोठलं होतं, घट्ट झालं होतं.

आई खाली बसली. गुडघे धरून, हळूहळू.

"मंग मेलं का ते?"

मी म्हटलं, माहीत नाय, परत पातळ झालंय. ती म्हणाली, झालंय ना पातळ? मग राहू दे की. आणि पुढं काही बोलली नाय, पण मला कळलं ती काय म्हणतेय. बाटली फ्रिजमध्ये होती, पिवळी, पातळ, सकाळी होती तशीच. बघून कुणाला काही कळलं नसतं.

मॅडम आल्या त्या आनंदात होत्या, म्हैस सुटली होती, रेडकू जगलं होतं. बाहीपर्यंत हात धुतले, रेनकोट खुंटीला लावला, आईला म्हणाल्या, मावशी, आधी चहा. मी खोलीच्या उंबऱ्यावर पोरीला घेऊन बसलेले. आई चुलीपाशी. मॅडमनी फ्रिज उघडून बाटली घेतली, उजेडाकडं धरून बघितली आणि मान हलवली, म्हणजे ठीक आहे अशी.

मला बोलायचं नव्हतं. पण मला विचारायचं होतं. या दोन गोष्टी माझ्या तोंडात नेहमी एकमेकींना आडव्या येतात. मी म्हटलं, मॅडम, ही बाटली गरम झाली तर काय होतं?

त्यांना आवडलं ते. सांगायला लागल्या की हीच तर मजा आहे, हे औषधच असं निवडलंय की गार असताना पातळ राहतं, नळीतून सहज जातं, आणि गायीच्या अंगाची ऊब लागली की आत जाऊन बसतं, घट्ट, म्हणजे वाहून जात नाही आणि कात्र्यांना आत शिरायला वेळ लागतो. मग थांबल्या.

"का हो ताई?"

मी म्हटलं, नाय, ती दुरडीवर राहिली होती, मगाशी. आता पातळ झाली, पण मधी घट्ट झालेली. कुणी ठेवली ते मी नाय सांगितलं. चुलीपाशी भांड्याचा आवाज थांबला.

"म्या ठिवली," आई म्हणाली. तिकडं तोंड करूनच. "गार व्हती म्हून."

मॅडम पायरीवर बसल्या. चहा आला तो हातात धरून ठेवला नुसता. मला वाटलं आता उठतील, रेनकोट घालतील, जातील. मग म्हणाल्या की चूक त्यांचीच, गार का ठेवायची ते सांगायला पाहिजे होतं, नुसतं ठेवा म्हणून कसं चालेल. आईनं ते ऐकलं की नाय कोण जाणे.

मी विचारलं, मॅडम, गायीच्या अंगात पण ऊबच की. तिथं दोन-चार दिवस राहणार ना हे? मग शेगडीच्या उबेनं काय बिघडतं?

त्या म्हणाल्या, बरोबर विचारलंत. गार ठेवायचं ते एवढ्यासाठी की आत जायच्या आधीच त्याचं आयुष्य संपायला नको. आणि दुसरं, अंगाच्या उबेपेक्षा जास्त तापलं तर प्रथिन वळतं, अंड्यातलं पातळ कसं शिजून पांढरं होतं तसं. एकदा शिजलं की परत नाही. हे पांढरं नाही झालेलं. पण थोडंसं बिघडलं असेल तर डोळ्याला दिसणार नाही.

किती तापली होती, त्यांनी आईला विचारलं. आईला काय सांगता येणार. ती म्हणाली, पोराच्या अंगाला लागंल इतकी. मला ते खरं वाटलं. आई दुपटं आधी स्वतःच्या गालाला लावते, मग पोरीला घालते. दुरडीवर पोरीला चटका बसेल अशी ऊब तिनं कधी ठेवली नसती. पण ते ती हजर असताना. ती गवताला गेल्यावर निखारे फुलले असतील तर?

मग मॅडमनी सरळ सांगितलं. माझ्या शिकण्याच्या कामात ही बाटली बाद झाली, म्हणाल्या, ही मला धरता येणार नाही. पण गायीचं विचाराल तर मला खरंच माहीत नाही. बूच उघडलेलं नाही, त्यामुळे घाण गेली नसावी. नसावी, म्हणाल्या, नाही असं नाही. गेली असली तर पिशवी सुजेल आणि काल भरलेलं बीज पण जाईल. प्रथिनं बिघडली असतील तर नुसतं पाणी घातल्यासारखं, ना फायदा ना तोटा. आणि टिकली असतील तर टिकली. नवीन करायचं तर परत रक्त, परत नाशिक, तोवर आत सोडायची वेळ निघून जाते. नाहीच घातलं तर मागं तीनदा जसं झालं तसं तिच्या नशिबावर. मग आईकडं वळल्या.

"मावशी, गाय तुमची. तुम्ही सांगा."

आईनं हात पुसले. परत पुसले. मला वाटलं ती म्हणेल, घाल बाई. पण तिचा चेहरा मी आजवर कधी तसा बघितला नव्हता. माझी आई, जिला सगळ्या आळीतल्या बाळंतिणी विचारायला येतात, काय खाऊ, काय लावू, शेक कधी बंद करू, तिला एका बाटलीसमोर काही सुचत नव्हतं.

"हिला इचारा," ती म्हणाली. "हिला कळतंय त्यातलं." आणि उठून गोठ्यात गेली.

मला कळतंय? आठवी पास, दोन आठवड्यांत चार गोष्टी खिडकीतून ऐकलेल्या. पोर झोपलेली मांडीवर. खिडकीतून मला आई दिसत होती, तांबडीच्या गळ्याखाली हात घालून उभी, आणि तांबडी मान लांब करून तिचा खांदा चाटतेय. पाठमोरी होती आई, पण कान इकडं होते, ते मला पाठीवरनं कळतं.

मी विचार केला असं म्हणायला मला आवडेल. की अंडं पांढरं झालेलं नव्हतं, बूच बंद होतं, आईची ऊब मला ठाऊक होती, म्हणून. हे सगळं डोक्यात आलं होतं, खोटं नाय. पण मी "नको" म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एकच होता, की आईच्या हातानं ते नासलं. आणि नंतर तांबडी उलटली असती, बाजारात गेली असती, तर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या क्वार्टरमध्ये बसून आईनं उरलेलं आयुष्य तेवढंच आठवलं असतं, ते दुपटं.

"घाला," मी म्हटलं.

मॅडमनी एकदा विचारलं, नक्की? मी मान हलवली. त्यांनी बाटलीतलं सुईनं ओढून घेतलं, लांब नळी लावली, गोठ्यात गेल्या. थोड्या वेळाचं काम. तांबडीनं शेपटीसुद्धा झटकली नाय.

मग तीन आठवडे कसे गेले ते मलाच ठाऊक. पिशवी सुजली तर ताप येतो, चारा सोडते, असं मॅडमनी सांगून ठेवलेलं. मी खिडकीतून तिचा रवंथ बघायची. थांबला की मी पोरीला बाजूला ठेवायची. सुरू झाला की मी पोरीला पाजायला घ्यायची. माजाचे दिवस आले तेव्हा आई गोठ्यात जायची ती आधी शेपटीखाली बघायची, माजाचा चिकट सोट टाकलाय का, मग माझ्या खिडकीकडं बघून हात हलवायची, नाय म्हणून. एका सकाळी तांबडी हंबरली आणि आम्ही दोघी जागच्या जागी खिळलो. रस्त्यानं कुणाची तरी गाय चालली होती, तिला हाक होती ती. एवढंच.

दादा ठरल्यासारखा आला. आई म्हणाली, अजून तपासायची हाय, डॉक्टरीण येऊन सांगंल तवर थांब. तो थांबला. मी म्हटलं ना, तो वाईट नाय.

मी तोवर पोरीला घेऊन इंदिरानगरला परत आले होते. एका दुपारी फोन आला, आईचा, पण बोलल्या मॅडम. धरलंय, ताई. हात घालून बघितलं, वासरू आहे. मागून आईचा आवाज, ती दादाला ओरडून सांगत होती की आता बाजाराचं नाव काढायचं नाय. मी खोलीत एकटीच, गॅसवर भात, आणि मला काय करावं सुचेना, म्हणून मी मॅडमना विचारलं, म्हणजे ती टिकली होती का?

मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही. टिकली असेल. किंवा नसेल, आणि गायीनं आपलं आपण धरलं असेल, होतं असंही कधी. या एका गायीवरून काही कळत नाही.

आईला मात्र कळलंय. तिच्या मते ते उबेनंच झालं. आळीत सांगते, म्या जरा शेकवली बाटली, म्हून लागू पडली. मॅडमनी तिला दोनदा समजावलं, मीपण फोनवर समजावलं, की दुसऱ्या कुणाला असं करायला सांगू नको, दुसऱ्याची शेगडी तुझ्यासारखी नसते. तेवढं शेवटचं तिला पटलं. आता ती म्हणते, करू नका, तुमाला नाय जमायचं.

तांबडी आहे. आई तिच्या घरात आहे. यातलं काहीही वेगळं व्हायला नको होतं मला. पण मी दुपारी पोर झोपली की तेच परत परत फिरवून बघते. आत घाण गेली असती तर? मी तर गायीकडं बघून बोललेच नव्हते. बाटलीकडंपण नाय. मी आईच्या पाठीकडं बघून बोलले, आणि भोगायचं होतं ते गायीनं, जिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, झालं ना चांगलं, मग कशाला उकरतेस. पण चांगलं झालं म्हणून ते बरोबर होतं का, हे मला अजून समजत नाय, आणि माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्यांना तरी समजत असेल म्हणून विचारते. तुम्ही त्या उंबऱ्यावर असता, मांडीवर झोपलेली पोर, समोर बाटली धरून थांबलेली डॉक्टर, आणि खिडकीतून तुमच्या आईची पाठ दिसतेय, तर तुम्ही काय सांगितलं असतं?